तंबूत झोप लागत नाही: चौथ्या खेपेआधी सल्ला हवा आहे

रातवा

नमस्कार. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे नेमकं कुठे चुकतंय ते तुम्हाला सांगता येईल.

मी ४७ वर्षांची, लेक १४ वर्षांची. गेल्या दोन वर्षांत आम्ही दोघी तीन वेळा तंबू घेऊन बाहेर राहिलो. तिन्ही वेळा लेक पाठ टेकल्या टेकल्या ढाराढूर आणि मी टक्क जागी. तिसऱ्या खेपेला दुसऱ्या दिवशी उतरताना माझा पाय घसरला. गुडघा खरचटण्यावर निभावलं, पण मी घसरले ती वाट अवघड होती म्हणून नाही. चालता चालता डोळे मिटत होते. लेक माझ्या पुढे दहा पावलांवर होती, तिने वळून पाहिलं तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तेव्हापासून हे मनावर घेतलंय.

रात्र कशी जाते ते सांगते. साडेनऊला आडवं होतो. पहिला तास बरा जातो. मग उजव्या खुब्याचं हाड टोचायला लागतं. मी कुशीवर झोपणारी, उताणं झोपलं की कंबर धरते. डावी कूस, उजवी कूस करत बाराच्या सुमारास जरा डोळा लागतो. दोन-अडीचला थंडीने जाग येते. ही थंडी कुठून येते तेच कळत नाही. वरून हात फिरवला तर स्लीपिंग बॅग छान फुगलेली, उबदार असते. पण ज्या कुशीवर झोपलेली असते ती सगळी बाजू, खांद्यापासून मांडीपर्यंत, गार पडलेली. असतील नसतील ते कपडे अंगावर चढवते, तरी हुडहुडी जात नाही. त्यात तंबूचं कापड वाऱ्याने फडफडत असतं. पहाटे छतावरून थेंब तोंडावर पडतात, बॅगेचं पायाकडचं टोक ओलं झालेलं असतं.

सामान असं: दोघींचा दुहेरी कापडाचा तंबू. खाली फोमची गुंडाळायची मॅट, ८ मिलिमीटर जाडीची. माझ्या बॅगेवर मोठ्या अक्षरात ० अंश लिहिलंय. मागच्या वेळी तंबूत छोटं थर्मामीटर ठेवलं होतं, पहाटे ते ७ अंश दाखवत होतं. मग ० अंशाची बॅग ७ अंशाला का पुरत नाही? सगळे म्हणतात आणखी जाड बॅग घे. घेऊ का?

तीन आठवड्यांनी पुन्हा जायचंय आणि या वेळी दोन रात्री आहेत. एक रात्र जागून काढता येते, दोन नाही निघत. लेक आणखी तीन-चार वर्षांत शिकायला घराबाहेर पडेल. "आई, परत जाऊया ना" हे ती स्वतःहून म्हणाली आहे. मला नाही म्हणायचं नाहीये.

पायवाट

ताई, नवी बॅग घेऊ नका. निदान आत्ता तरी नको. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच लिहिलंय: वरून बॅग उबदार आणि खालची कूस गार. थंडी जमिनीतून येतेय.

मी बावीस वर्षं मुलांचे आणि मोठ्यांचे गट घेऊन बाहेर राहतोय आणि झोप न झालेल्या माणसांपैकी निम्म्याहून जास्त जणांची गोष्ट हीच असते. स्लीपिंग बॅग स्वतः उष्णता तयार करत नाही. तिच्या भरावात जी हवा अडकलेली असते ती तुमच्या अंगाची ऊब धरून ठेवते. तुमच्या वजनाने अंगाखालचा भराव चेपला जातो, त्यातली हवा निघून जाते आणि त्या बाजूला बॅग म्हणजे नुसतं दोन पदरी कापड उरतं. त्याखाली तुमची ८ मिलिमीटरची मॅट आणि त्याखाली थंड जमीन. जमीन रात्रभर तुमची ऊब ओढून घेते आणि ती काही तुमच्या अंगाने गरम होत नाही. वर अजून दोन बॅगा घातल्यात तरी खालचं भोक तसंच राहणार.

मॅट उष्णता किती अडवते त्याला आर-व्हॅल्यू म्हणतात. २०१८ साली अमेरिकेतल्या एएसटीएम या मानक ठरवणाऱ्या संस्थेने ती मोजायची एकच पद्धत ठरवून दिली. त्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या रीतीने मोजायची आणि दोन मॅटींची तुलनाच करता यायची नाही. तुमच्यासारख्या पातळ साध्या फोमची आर-व्हॅल्यू १ च्या आगेमागे असते. उन्हाळी रात्रीला ती चालते. ७ अंशांना जमीन गार असताना ३ तरी हवी, लवकर थंडी वाजणाऱ्या माणसाला ४. बर्फावर झोपायचं तर ५ च्या वर. आणि सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे या आकड्यांची बेरीज होते. १ वर ३ ठेवली की ४. म्हणून जुनी मॅट टाकून देऊ नका. ती खाली राहू दे, वर दुसरी घाला.

दुसरी मॅट हवेची घ्या, आठ-दहा सेंटिमीटर उंचीची, कारण तुमचा खुबा दुखतो तो फोम पातळ असल्यानेच. मात्र घेताना आर-व्हॅल्यू वाचल्याशिवाय घेऊ नका. आत काही नसलेली पोकळ हवेची गादी दिसायला जाडजूड असते, पण आतली हवा फिरत राहते आणि ऊब खाली नेऊन सोडते. जाडी खुब्यासाठी, आर-व्हॅल्यू थंडीसाठी. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हवा भरण्यातही एक खुबी आहे. बहुतेक जण ती टणक फुगवतात आणि मग रात्रभर फळीवर झोपल्यासारखं होतं. पूर्ण भरा, तुमच्या नेहमीच्या कुशीवर आडव्या व्हा आणि झडप किंचित उघडून हवा थोडी थोडी सोडत जा. खुबा खाली बसेल, पण जमिनीला टेकणार नाही, तिथे थांबा. हाताने चाचपून बघा, हाड आणि जमीन यांत दोन बोटांचं अंतर राहिलं पाहिजे. संध्याकाळी भरलेली मॅट रात्री आपोआप मऊ पडते, कारण आतली हवा गार होऊन आकसते. ती फुटलीय असं समजून घाबरू नका. हे हवा सोडणं झोपायच्या अगदी आधी करा.

आता तुमच्या ० अंशाबद्दल. २००२ पासून युरोपात बॅगा मोजायचं एक मानक आहे, ईएन १३५३७. २०१६ मध्ये त्याच्या जागी आयएसओ २३५३७ आलं. त्यात एकाच बॅगेला निरनिराळी तापमानं दिलेली असतात. 'कम्फर्ट' हे तापमान प्रमाण मानलेली स्त्री सैलावून आरामात झोपू शकेल असं. 'लिमिट' म्हणजे प्रमाण मानलेला पुरुष अंग मुडपून झोपला तर जेमतेम निभावेल असं. तिसरं 'एक्स्ट्रीम', ते झोपेचं नव्हेच, जिवावर बेतू नये इतपतच आहे. मोठ्या अक्षरात छापतात ते बहुधा लिमिट. कम्फर्ट त्याच्यापेक्षा साधारण ५-६ अंश वर असतं. म्हणजे तुमची ० ची बॅग तुमच्यासाठी ५ किंवा ६ ची आहे, आणि तीही खाली नीट मॅट असेल हे धरून. चाचणीसुद्धा मॅटवर ठेवूनच करतात. आतल्या बाजूच्या शिलाईत एक बारीक चिठ्ठी असते, ती वाचून सांगा.

रातवा

वाचली! कम्फर्ट ५, लिमिट ०. तुम्ही सांगितलंत अगदी तसंच. दोन वर्षं बॅग वापरतेय आणि ती चिठ्ठी एकदाही पाहिली नव्हती.

अजून एक विचारते. सगळे कपडे चढवले तरी उपयोग का झाला नाही?

पायवाट

दोन कारणं असू शकतात. दिवसभर चालून घामाने दमट झालेले कपडे अंगात असले तर तेच गार करतात. झोपायचे कपडे वेगळे ठेवा, कोरडे, आणि ते दुसऱ्या कशासाठीही वापरू नका. दुसरं, जाड जाकीट घालून अरुंद बॅगेत शिरलं की भराव आतून दाबला जातो. जाकीट अंगात घालण्यापेक्षा छातीवरून पसरा. कानटोपी मात्र घालाच. मोजे सैल हवेत, घट्ट मोज्यांनी रक्त पायाकडे नीट पोचत नाही आणि पाय आणखी गार पडतात. आणि बॅगेत शिरण्याआधी पाच मिनिटं अंग हलवा, भराभर उठबशा काढा, पण घाम येईपर्यंत नाही. गार अंगाने आत शिरलात तर बॅगेला धरून ठेवायला ऊबच मिळत नाही.

दवबिंदू

थेंबांबद्दल मी लिहिते, कारण माझी पहिली तीन वर्षं यात गेली.

ते पाणी बाहेरून येत नाही, तुमच्या दोघींच्या श्वासातलं असतं. दोन माणसं रात्रभर बंद तंबूत श्वास सोडतात, बाहेरचं कापड गार झालेलं असतं, वाफ त्यावर जाऊन बसते. थंडी वाजते म्हणून आपण सगळ्या चेनी लावून घेतो, वरची खिडकीही बंद करतो, आणि ओलं होऊन आणखी गारठतो. वरचा झरोका उघडा ठेवा आणि दाराची चेन वाऱ्याच्या उलट बाजूने वीतभर खाली करा. पहिल्यांदा हे करताना हात धजत नाही. पण कोरड्या बॅगेत थोडी गार हवा सोसते, ओल्या बॅगेत कशानेच ऊब येत नाही. तोंड बॅगेत घालून झोपू नका. आत सोडलेला श्वास भरावात मुरतो. पिसांचा भराव असेल तर तो ओला झाला की बसतोच. पायाकडचं टोक ओलं होतं ते तंबूच्या भिंतीला टेकल्यामुळे. डोक्याच्या आणि पायाच्या बाजूला अंतर सोडा, किंवा पायावर पावसाळी जाकीट अलगद पसरून ठेवा.

आणि जागा. तुम्ही तंबू कुठे लावला होता? पाण्याजवळ, खोलगट भागात?

रातवा

हो, तिन्ही वेळा पाण्याजवळ. शेवटच्या वेळी तर ओढ्यापासून पंधरा-वीस पावलांवर, हिरवळीचा खळगा होता. सपाट आणि मऊ होता म्हणून निवडला.

दवबिंदू

तिथेच दव आणि तिथेच गारठा. रात्री गार झालेली हवा जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून वाहत खळग्यात जाऊन साचते. त्याच उतारावर थोडं वर चढून गेलात तरी हवेत फरक जाणवतो. संध्याकाळी उजेड असताना चालून बघा, गालाला कळतं. मी आता आधी सगळीकडे फिरते आणि मग पाठीवरचं ओझं उतरवते. एकदा ओझं टेकलं की माणूस तिथेच राहतो.

झाडाखाली दव कमी पडतं, कारण वर उघडं आकाश नसतं. पण मान वर करून वाळक्या फांद्या बघायच्या, त्या वारा नसतानाही पडतात. आणि ओढ्याच्या कोरड्या पात्रात तंबू कधीच लावायचा नाही, वर कुठे पाऊस झाला तर तुम्हाला कळायच्या आत पाणी येतं.

शेकोटी

मला वाटतं सगळे फार खोलात जाताय. आम्ही सोपं करतो. झोपायच्या आधी निखारे एका पत्र्याच्या डब्यात घेऊन दहा मिनिटं तंबूत ठेवतो, तंबू मस्त तापतो, मग काढून टाकतो. धूर नसतो, निखारेच असतात.

पायवाट

शेकोटी, हे करू नका. रातवाताई, हे मुळीच करू नका. बाकी माझं काहीही विसरलात तरी चालेल, हे लक्षात ठेवा.

धूर नसलेला निखाराच जास्त फसवतो. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो, त्यामुळे थोडासा वायूही पुरतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग गुंगी येते आणि माणसाला वाटतं की छान झोप लागतेय. झोपलेला माणूस त्यातून उठत नाही. दहा मिनिटं म्हणून ठेवलेला डबा दमलेला माणूस काढायचा विसरतो. स्टोव्ह, कंदील, निखारे, ज्यात काही जळतं ते तंबूत नको, आणि तंबूच्या दाराशी पडवीसारखी झाकलेली जागा असते तिथेही नको. शिवाय तापवलेली हवा तंबूत टिकत नाही. डबा काढल्यावर थोड्याच वेळात आत-बाहेर सारखंच होतं.

ऊब हवीच असेल तर बाहेर पाणी गरम करा, घट्ट फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत भरा. धातूची बाटली असेल तर एकपदरी, थर्मासची नको, त्यातून ऊब बाहेर येत नाही. उलटी धरून जोरात हलवा, एक थेंबही येता कामा नये. मग मोज्यात घालून झोपायच्या वीस मिनिटं आधी बॅगेत ठेवा. आत शिरलात की आधी मांड्यांमध्ये धरा, मोठ्या रक्तवाहिन्या तिथून जातात, आणि नंतर पायाशी सरकवा. पहाटे तेच पाणी प्यायला होतं.

शेकोटी

हे मला माहीत नव्हतं. आमच्याबरोबर लहान मुलंही असतात. पुन्हा करणार नाही. बरं झालं इथे लिहिलं.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे, अकरा वर्षं रात्रपाळी केली, म्हणून झोपेकडे जरा वेगळ्या बाजूने बघते. रातवाताई, तुमच्या जागरणात थंडी आणि खुबा तर आहेच, पण मेंदूचाही वाटा आहे आणि त्यात तुमची काही चूक नाही.

नव्या जागी पहिल्या रात्री झोप उथळ लागते हे झोपेच्या प्रयोगशाळांमध्ये फार पूर्वीपासून माहीत आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्यापेक्षा जागा राहतो आणि अनोळखी आवाजाला चटकन दाद देतो. पुढच्या वेळी हा फरक उरला नव्हता. म्हणजे तुम्ही जी तीन वेळा एकेक रात्र राहिलात, ती प्रत्येक रात्र पहिलीच होती. दोन रात्रींची तुम्हाला भीती वाटतेय, पण दुसरी रात्र हीच तुमच्या बाजूची आहे.

अडीचला जाग का येते तेही सांगते. आपल्या अंगाचं आतलं तापमान रात्री उतरत जातं आणि पहाटे, उठायच्या दोन-एक तास आधी, सगळ्यात कमी होतं. बाहेरची हवाही सूर्य उगवायच्या सुमारास सगळ्यात गार असते. दोन्ही उतरणी एकत्र येतात. म्हणून झोपताना "पुरेसं आहे" वाटलं तरी एक पांघरूण हाताशी ठेवा आणि मध्यरात्री पहिली जाग आली की गारठायची वाट न बघता ओढून घ्या.

पायांचं तर मी रुग्णांनाही सांगते. १९९९ साली बाझलच्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये लिहिलं होतं, हातपाय गरम असले की झोप लवकर लागते. हातापायांकडे रक्त गेलं की आतली उष्णता बाहेर पडते आणि शरीर झोपेकडे वळतं. पायवाट यांची बाटली म्हणूनच मोलाची आहे.

उजेडाचंही. कोलोरॅडो विद्यापीठाच्या एका गटाने २०१३ मध्ये आठ जणांना आठवडाभर तंबूत ठेवलं होतं. विजेचा दिवा नाही, फोन नाही, फक्त सूर्य आणि शेकोटी. त्यांच्या शरीरातलं मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याची खूण देणारं संप्रेरक, साधारण दोन तास आधी तयार व्हायला लागलं. तुम्हाला आठवडा मिळणार नाही, पण अंधार पडल्यावर फोन पिशवीत जाऊ दे आणि हेडलॅम्पचा लाल दिवा वापरा.

तुम्ही एका गोष्टीबद्दल काही लिहिलं नाहीत. रात्री लघवीला उठावं लागतं का?

रातवा

लागतं, आणि अंधारात बाहेर जायचं म्हणून मी दुपारनंतर पाणीच कमी पिते. तरी दोनला जाग आली की तेही जाणवतं, मग पहाटेपर्यंत रोखून पडून राहते.

आणि खरं सांगायचं तर आवाजांचं नुसतं झोपमोड हे कारण नाही. लेक शेजारी असते. काही झालं तर मीच आहे. म्हणून मी ऐकत राहते.

रात्रपाळी

पाणी कमी करू नका, दिवसभर चालल्यावर तर मुळीच नको. दिवसा भरपूर प्या, झोपायच्या आधीच्या दीड-दोन तासांत हात आखडा. झोपायच्या अगदी आधी जाऊन या. रात्री जाग आलीच तर लगेच उठा. पाच मिनिटं थंडी वाजेल, पण परत येऊन झोप लागेल. रोखून पडलात तर तीन तास जातील. उजेडातच ती वाट दोनदा चालून ठेवा, चपला आणि दिवा ठरलेल्या जागी, रोज त्याच हाताला. अंधार मग तितका अनोळखी राहत नाही.

आणि ऐकत राहण्याबद्दल. मीही आई आहे. कानात बोळे घाला म्हटलं तर तुम्ही घालणार नाही, मी घातले नव्हते. मी एक केलं: संध्याकाळी लेकाबरोबर बाहेर बसून कान देऊन ऐकलं, एकेक आवाज ओळखला. हा कापडाचा, हा पानांचा, हा बेडकांचा, ही दोरी खांबावर घासतेय. नाव दिलेला आवाज रात्री त्रास देत नाही, बेनाव आवाज देतो. मग एकाच कानात बोळा घालायला लागले. उशीवरचा कान आपोआप झाकलेला असतो, वरच्या कानात बोळा, पण मऊ आणि जरा सैल. लेकाने हाक मारली तर ऐकू येते हे घरी तपासून बघितलं होतं.

पायवाट

कापडाची फडफड तर बंदच करता येते. नायलॉन दमट आणि गार झालं की सैल पडतं. संध्याकाळी ताणून बांधलेला तंबू नऊ वाजता ढिला होतो. झोपायच्या आधी एक फेरी मारून सगळ्या दोऱ्या पुन्हा ओढून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

आणि तंबू उभा करण्याआधी नुसतं खालचं कापड अंथरा आणि त्यावर दोघीही आडव्या व्हा. कुशीवर, जशा झोपता तशा. खडा, मूळ, उतार, सगळं त्याच वेळी कळतं. थोडा उतार चालतो, डोकं वरच्या बाजूला ठेवायचं. आडवा उतार मात्र नको, रात्रभर एकमेकींच्या अंगावर घसराल.

जायच्या आधी एक रात्र घरी जमिनीवर सगळं अंथरून झोपा. जे चुकायचं ते घरी चुकू दे.

रातवा

घरी झोपून पाहिलं. एक नाही, तीन रात्री. पहिल्या रात्री मॅट जास्त फुगवली होती, दुसऱ्या रात्री हवा सोडून बरोबर झाली. तिसऱ्या रात्री लेकही तिची मॅट घेऊन शेजारी आली. नवी मॅट ३.५ ची घेतली, खाली जुनी फोम. परवा निघतोय.

रातवा

परत आलो. सांगायचं ठरवलंच होतं, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत.

या वेळी ओढ्यापासून वर चढून गेलो. खाली दोन तंबू लागलेले दिसत होते आणि ती जागा खरंच देखणी होती, पण आम्ही थांबलो नाही. वर एक कडेची जागा मिळाली, मागे झुडपांची ओळ. कापड अंथरून दोघी आडव्या झालो. माझ्या बरगडीखाली काहीतरी टोचलं. लेकीने बोटांनी उकरून एक दगड काढला, सुपारीएवढा. उघड्या डोळ्यांना तो दिसतही नव्हता, गवताच्या मुळांत रुतून बसला होता. तेवढ्या दगडाने मागच्या वेळी माझी रात्र खाल्ली असती. उतार बघायला लेकीने भरलेली बाटली कापडावर आडवी ठेवली. ती हळूच डावीकडे घरंगळली. मग तंबू थोडा फिरवून लावला, ती पायाकडे घरंगळेपर्यंत.

पहिली रात्र पूर्ण नाही मिळाली. एकला जाग आली, रात्रपाळीताई म्हणाल्या होत्या तसंच. पण थंडी नव्हती! खालची कूस गरम होती. मी हात घालून पाहिला, मॅटचा पृष्ठभाग माझ्या अंगाइतका उबदार लागला. उठून बाहेर जाऊन आले. परतताना दाराशी मिनिटभर उभी राहिले, कारण बाहेर काळोख इतका स्वच्छ होता की आत जावंसं वाटेना. मग पुन्हा डोळा लागला तो पाचपर्यंत. पहाटे थर्मामीटरवर ६ अंश होते.

संध्याकाळी आवाजांना नावं द्यायचा खेळ लेकीला इतका आवडला की ती बोलतच राहिली. शाळेतलं, मैत्रिणींचं, एरवी न सांगितलेलं पुष्कळ. तासभर आम्ही अंधारात दिवा न लावता बसलो होतो.

दुसऱ्या रात्री साडेनऊला पडले. मधलं काही आठवत नाही. लेकीने खांदा हलवून उठवलं तेव्हा तंबूचं कापड पिवळं झालं होतं आणि छत कोरडं होतं. तिने मला उठवायची ही पहिलीच वेळ. उतरताना मी पुढे होते.

एक अडचण राहिली. कपड्यांची गुंडाळी करून उशी केली होती, ती रात्रभर मॅटवरून सटकत राहते. यावर काही उपाय?

दवबिंदू

झोपायचा सदरा काढून तोच मॅटच्या डोक्याकडच्या टोकाला गळ्यातून चढवा, अंगात घालायला दुसरा ठेवा. कपड्यांची गुंडाळी त्या सदऱ्याच्या आत सारा. कापड मॅटला धरून राहतं, उशी हलत नाही. आणि गालाला मॅटचं गुळगुळीत प्लास्टिक लागत नाही.